गाढवाच्या पाठीवरचं दूध

1920च्या दशकात जेरुसलेमच्या दगडी गल्ल्यांतून एक गाढव फिरायचं. पाठीवरच्या पेटीत निर्जंतुक केलेल्या दुधाच्या बाटल्या असत आणि पेटीवर हिब्रूत दोन शब्द: ‘टिपत हलाव’, म्हणजे दुधाचा थेंब. ज्या बाळंतिणींच्या अंगावर पुरेसं दूध येत नसे, त्यांच्या तान्ह्या मुलांसाठी हे दूध घरोघरी जाई. त्याचा खर्च उचलत होत्या हजारो मैल दूर अमेरिकेत राहणाऱ्या ज्यू बायका. कुणी शिक्षिका, बऱ्याचशा गृहिणी. त्यांतल्या बहुतेकींनी जेरुसलेम डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांच्या संस्थेचं नाव हदासा.

हिब्रूत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. शब्दाचा धातू न्यायाचा आहे, दयेचा नाही. त्यामुळे ज्यू घरात दान हा मनाचा मोठेपणा मानत नाहीत. ते देणं लागतं, म्हणून द्यायचं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत स्वयंपाकघरात एक डबा असे, त्याला यिद्दिशमध्ये ‘पुश्के’ म्हणत. शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्यापूर्वी घरची बाई त्यात नाणी टाकी. हा डबा पिढ्यान् पिढ्या बायकांच्याच ताब्यात होता. त्यातल्या पैशाचं पुढे काय करायचं, हे मात्र बहुधा पुरुष ठरवत. हदासाची गोष्ट इथून सुरू होते.

ही संस्था उभी केली हेन्रिएटा झोल्डनं. जन्म 1860चा, बाल्टिमोरच्या एका रब्बायच्या घरातली थोरली मुलगी. रशियातून जीव मुठीत धरून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी तिनं 1889मध्ये रात्रशाळा सुरू केली आणि पुढे ज्यू पुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेत वर्षानुवर्षं संपादनाचं काम केलं. 1909मध्ये आईला घेऊन ती पॅलेस्टाइनला गेली. तेव्हा तिथे तुर्की राज्य होतं. जाफात तिला रस्त्यावरची मुलं दिसली. डोळ्यांभोवती माशा घोंघावताहेत, आणि खुपरीनं कितीतरी मुलांची दृष्टी चाललेली. जवळच्याच मुलींच्या शाळेत मात्र डोळे स्वच्छ होते, कारण तिथे डॉक्टर आणि नर्स नियमानं येत. एवढाच फरक. झोल्ड बायकांच्या एका अभ्यासमंडळात होती. त्यातल्या बायकांनी निबंध वाचण्यापेक्षा हे काम हाती घ्यावं, असं आईनंच तिला सुचवलं, अशी आठवण सांगितली जाते.

24 फेब्रुवारी 1912 रोजी न्यूयॉर्कच्या एमानु-एल सिनेगॉगमध्ये तीन-चार डझन बायका जमल्या आणि मंडळ उभं राहिलं. दिवस पुरिम सणाच्या सुमाराचे. या सणाची नायिका एस्तेर राणी, तिचं हिब्रू नाव हदासा, तेच मंडळाला मिळालं. पुरिमला किमान दोन गरिबांना काही ना काही द्यावं, असा धर्माचाच दंडक आहे.

वर्षभरातच कामाची वेळ आली. नेथन स्ट्रॉस हे न्यूयॉर्कचे धनाढ्य व्यापारी. जेरुसलेमला नर्स पाठवायची असेल, तर सुरुवातीचा खर्च मी देतो, पण ती माझ्याबरोबर लगेच निघाली पाहिजे, असं त्यांनी कळवलं. मंडळाच्या तिजोरीत फारसं काही नव्हतं, तरी बायकांनी होकार दिला. 18 जानेवारी 1913 रोजी रोझ कॅप्लन आणि रेचेल लँडी या दोन नर्स जहाजात बसल्या. जेरुसलेमला त्यांनी एक लहानसं घर घेतलं, दारावर पाटी लावली. बाळंतपणं करायची आणि शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासायचे, एवढंच काम. पहिल्या महायुद्धात ते बंद पडलं. रोझ कॅप्लन 1917मध्ये अलेक्झांड्रियात निर्वासितांची शुश्रूषा करताना कर्करोगानं गेली.

1918मध्ये मात्र डॉक्टर, नर्स, दंतवैद्य असं चाळीसवर जणांचं पथक औषधं आणि उपकरणांसह तिथे उतरलं. त्याच वर्षी नर्सिंगची शाळा निघाली. 1921मध्ये बर्था लँड्समन या नर्सनं दुधाचं पहिलं केंद्र उघडलं. बाळाचं वजन करायचं, आईला अंगावर पाजायला शिकवायचं, आणि अगदीच गरज असेल तर बाटली द्यायची. गाढव होतं ते याच बाटल्यांसाठी. दवाखान्यांत ज्यू, अरब असा भेद नव्हता. पुढे शाळांत दुपारचं जेवण सुरू झालं.

या सगळ्याला पैसा कुठून येत होता? हदासाची खरी कारागिरी तिथे आहे. गावागावांत शाखा होत्या, शाखेला खजिनदार, आणि वर्गणी साध्या घराला झेपेल एवढी. शिवणमंडळं होती. बायका एकत्र बसून दवाखान्यासाठी चादरी आणि मुलांसाठी कपडे शिवत व पेट्या भरून पाठवत. पाककृतींची पुस्तकं विकली जात, जुन्या वस्तूंचे बाजार भरत. शिवाय अभ्यासवर्ग होते. ज्यू इतिहास आणि हिब्रू माहीत नसेल तर कशासाठी देतो हे कळणार नाही, असा झोल्डचा आग्रह होता. आपल्याकडच्या भिशीत आणि महिला मंडळात ज्यांनी वही सांभाळली आहे, त्यांना ही घडी लगेच ओळखू येईल.

वहीवरूनच भांडण झालं. 1918मध्ये अमेरिकेतल्या झायनवादी, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी मायभूमी उभारू पाहणाऱ्या, संघटना एकत्र आणल्या गेल्या आणि हदासाचं वेगळेपण जवळजवळ पुसलं गेलं. पैसे तुम्ही गोळा करा, कुठे खर्चायचे ते मध्यवर्ती समिती बघेल, असा नेत्यांचा पवित्रा होता. बायका ऐकेनात. दुधासाठी मागितलेला पैसा दुधालाच गेला पाहिजे आणि तो गेला की नाही हे आम्ही तपासणार, ही त्यांची बाजू. 1920च्या दशकभर ही ओढाताण चालली, आणि 1930च्या दशकात हदासा स्वतंत्र झाली. तोवर तिची सभासदसंख्या पुरुषांच्या नाकावर टिच्चून वाढली होती.

1933मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, झोल्डवर आणखी एक जबाबदारी आली. नाझी जर्मनीतून मुलांना बाहेर काढायची कल्पना बर्लिनच्या रेखा फ्रायर यांची. पॅलेस्टाइनमधली व्यवस्था झोल्डनं पाहिली आणि अमेरिकेतून पैशाचा भार हदासानं घेतला. 1943मध्ये पोलंडहून रशिया, मग तेहरान असा फेरा करून सातशेहून अधिक मुलं आली. त्यांतली बरीच अनाथ होती. त्यांचं जहाज वाटेत कराचीला थांबलं होतं. त्या काळी कराचीतले बहुतेक ज्यू होते कोकणातून गेलेले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे. मुलं पोचली तेव्हा ब्याऐंशी वर्षांची झोल्ड स्वतः त्यांच्या स्वागताला गेली.

या संस्थेच्या वाट्याला रक्तही आलं. 1939मध्ये जेरुसलेमच्या स्कोपस टेकडीवर हदासाचं मोठं रुग्णालय उभं राहिलं. 1948च्या एप्रिलमध्ये देर यासिन गावातल्या अरबांची हत्या झाली, आणि चार दिवसांनी, 13 तारखेला, रुग्णालयाकडे निघालेल्या गाड्यांच्या ताफ्यावर सशस्त्र अरबांनी हल्ला चढवला. डॉक्टर, नर्स, रुग्ण, प्राध्यापक असे 78 जण मेले. रुग्णालयाचे संचालक डॉ. हाइम यास्की त्यांतच गेले. टेकडीचा रस्ता तुटला आणि रुग्णालय शहरात विखुरलं. 1961मध्ये जेरुसलेमच्याच एन केरेम भागात नवी इमारत झाली. तिथल्या सिनेगॉगच्या बारा रंगीत काचा मार्क शागालनं केलेल्या आहेत. ज्यू आणि अरब एका राज्यात बरोबरीनं राहावेत, असं या रक्तपाताच्या आधीपासून म्हणणाऱ्यांत झोल्ड होती. तिचं ते म्हणणं तिच्याच लोकांत फारसं कुणी ऐकलं नाही.

हिशेबाचा एवढा अभिमान असलेल्या संस्थेच्या वहीतही खोट निघाली. बर्नी मेडॉफच्या कुप्रसिद्ध गुंतवणूक घोटाळ्यात हदासाचे पैसे होते. वर्षानुवर्षं घेतलेला नफा दुसऱ्या फसलेल्यांच्या पैशातून आला होता, हे उघड झाल्यावर 2010मध्ये तडजोड म्हणून साडेचार कोटी डॉलर परत द्यायचं तिनं मान्य केलं. 2014मध्ये जेरुसलेमचं रुग्णालय कर्जात बुडालं, पगार अडले, डॉक्टर संपावर गेले आणि शेवटी सरकारला हात द्यावा लागला. लहान वर्गणीची शिस्त मोठ्या रकमेला आपोआप लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

तरीही हदासाचा एक नियम मला सगळ्यांत मोठा वाटतो. काम उभं करायचं, माणसं शिकवायची, आणि ते चालू लागलं की स्थानिकांच्या हाती देऊन बाजूला व्हायचं. तेल अवीवमधलं आपलं रुग्णालय तिनं 1931मध्ये नगरपालिकेला दिलं. शाळेतलं जेवण, दुधाची केंद्रंही हळूहळू अशीच सोपवली गेली. दात्याचं नाव कोनशिलेवर कोरून घेण्याची हौस आपल्याला चांगली ठाऊक आहे. उभं केलेलं काम सोडून देण्याची हौस क्वचितच कुणाला असते.

हेन्रिएटा झोल्ड 13 फेब्रुवारी 1945 रोजी स्कोपसच्या त्याच रुग्णालयात वारली. तिनं लग्न केलं नव्हतं. 1916मध्ये आई गेली, तेव्हा एका स्नेह्यानं आईसाठी कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायची तयारी दाखवली होती. ती परंपरेनं मुलाचा अधिकार, आणि घरात मुलगा नव्हता. झोल्डनं आभार मानून नकार दिला, आपण स्वतःच म्हणू असं कळवलं. तिच्या स्वतःच्या अंत्यविधीत कद्दिश म्हटली ती युरोपातून वाचवून आणलेल्या एका मुलानं.

गाढव केव्हाच गेलं. दुधाची केंद्रं मात्र आहेत. इस्राएलमध्ये जन्मलेल्या बाळाचं वजन आणि लसीकरण आजही ‘टिपत हलाव’मध्येच होतं. मुंबई-रायगडातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल घरांतली नातवंडंही त्याला अपवाद नाहीत. केंद्रं चालवतात सरकार, नगरपालिका आणि आरोग्य विमा संस्था. ज्या बायकांनी ती सुरू केली, त्यांच्याकडे ती चालवण्याचं काम आता उरलेलं नाही, आणि त्यांना नेमकं हेच हवं होतं.