मर्यादित जबाबदारीची भागीदारी

धंद्यात भागीदार घेताना आपल्याकडे माणूस पाहतात, कागद पाहत नाहीत. १९३२ च्या कायद्याप्रमाणे चालणाऱ्या भागीदारीत पेढीचे कर्ज ते प्रत्येक भागीदाराचे कर्ज. एकाने पेढीच्या नावावर उधारी केली, तर वसुली दुसऱ्याच्या घरादारापर्यंत येऊ शकते. खासगी कंपनी काढावी, तर सभा, ठराव आणि लेखापरीक्षण यांचा व्याप लहान धंदेवाल्यास झेपत नाही. या दोहोंमधली वाट २००८ च्या कायद्याने काढून दिली. तिला व्यवहारात एलएलपी म्हणतात.

नोंदणी अवघड नाही. किमान दोन भागीदार हवेत. कायद्याच्या पूर्ततेसाठी दोन व्यक्तींना उत्तरदायी नेमावे लागते, व त्यांतील एक तरी आर्थिक वर्षात १२० दिवस भारतात राहणारी असावी लागते. संगणकीय सही घ्यावी, नाव राखून ठेवावे आणि ‘फिलिप’ हा अर्ज भरावा. (नाव माणसाचे, अर्ज कंपनी निबंधकाचा!) प्रमाणपत्र मिळताच धंदा कायद्याने भागीदारांहून वेगळी व्यक्ती ठरतो. हे सारे सनदी लेखापाल करून देतात.

आम्हांस बोलावयाचे आहे ते करारनाम्याविषयी. नोंदणीनंतर ३० दिवसांत तो दाखल करावयाचा असतो, आणि पुष्कळजण दुसऱ्याच्या मसुद्यात नावे बदलून मोकळे होतात. समजा, दोघांनी मसाल्याचा कारखाना काढला. एकाने आठ लाख घातले. दुसऱ्याने दोनच, पण पहाटेपासून डंकाजवळ उभा तोच. करारात याविषयी काही नसेल, तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते : भांडवल, नफा, तोटा सर्वांचा सारखा, आणि कामाबद्दल वेतन कोणासच नाही. म्हणजे एकाचा जादा हिस्सा गेला, दुसऱ्याचा पगार गेला. भागीदारास काढून टाकण्याचा अधिकारही स्पष्ट लिहिल्यावाचून मिळत नाही. तेव्हा पगार, उचल, बाहेर पडणाऱ्याचे पैसे कसे व किती मुदतीत फेडावयाचे, एखादा वारल्यास वारसांचे काय, हे सारे लिहावे. भागीदार सख्खा भाऊ असला तरी लिहावे.

‘मर्यादित’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. स्वतःच्या गैरकृत्याची भरपाई ज्याची त्यालाच करावी लागते, आणि फसवणुकीच्या हेतूने धंदा चालविणाऱ्यांना मर्यादेचे संरक्षण नाही. जुन्या पेढीचे रूपांतर केले, तरी त्यापूर्वीची देणी जुन्या भागीदारांच्या अंगावर राहतातच. शिवाय बँक कर्ज देताना बहुधा वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की तेवढ्या कर्जापुरती कायद्याने बांधलेली भिंत आपणच पाडली.

उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर या कायद्याखाली लेखापरीक्षणाची सक्ती नाही. पण वार्षिक विवरण ३० मेपर्यंत व हिशेबाचे विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत गेलेच पाहिजे. उशिरास विलंबशुल्क आहे. धंदा बंद पडला, तरी निबंधकाच्या नोंदवहीतून नाव रीतसर कमी करून घ्यावे लागते. नुसते दुकानास कुलूप लावल्याने विवरणे थांबत नाहीत.