मनाचे हिशेब : भाग ७ – ‘थोडक्यात हुकलं’

आकड्याच्या नादी लागलेल्या माणसाला घरचे हमखास सुनावतात, ‘जरा डोकं चालव.’ मागच्या आठवड्यात आपण जुगाराच्या व्यसनाची लक्षणं पाहिली. आज या वाक्याविषयी लिहितो, कारण ते मला अन्यायाचं वाटतं. तो माणूस डोकं चालवतच असतो, दिवसरात्र चालवतो. बिघाड आहे तो त्या विचारातच.

मटक्याचंच घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत आकडे लावले जात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं आणि कल्याणजी भगत, रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. गिरणगावातले किती पगार त्यात गेले, ते जुन्या चाळींना विचारावं. एक ओपनचा आकडा, एक क्लोजचा आकडा, दोन्ही मिळून जोडी. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या आणि लागली तर रुपयाला साधारण नव्वद रुपये. म्हणजे शंभरही जोड्यांवर एकेक रुपया लावला तरी दहा रुपये गेलेच.

हे गणित खेळणाऱ्याला येत नाही असं कुणी समजू नये. तरीही तो आधी लागलेल्या आकड्यांचा चार्ट पुढ्यात घेऊन बसतो. आकड्यांभोवती लाल पेनाचे गोल, एका आठवड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या तिरप्या रेघा, समासात ‘कट’ आकडे, एकचा सहा, दोनचा सात. ‘सत्ता कधीचा आला नाही, आज यायलाच पाहिजे.’ मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटची गोळी ओळीने २६ वेळा काळ्यावर थांबली. याच समजुतीने ‘आता लालच’ म्हणत लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि धुपले. आधी काय आलं याचा पुढच्या फेरीशी संबंधच नव्हता.

पण या सगळ्यात घातक विचार मला वेगळाच वाटतो. ४७ लावली, ४८ आली. ‘एका घराने हुकली रे!’ वास्तविक ४७ला ४८ जितकी दूर, तितकीच १२ दूर. पैसे दोन्हीकडे सारखेच बुडाले. मनाला मात्र ती हार वाटत नाही, आपण जवळ आलो असं वाटतं. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९मध्ये मेंदूची छायाचित्रं घेत यावर प्रयोग केला. थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होत होते, जे प्रत्यक्ष जिंकल्यावर होतात. शिवाय स्वतः निवड केलेली असताना थोडक्यात हुकलं, तर पुन्हा खेळण्याची इच्छाही वाढत होती. हरलेला माणूस उठून घरी का जात नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

त्यात स्मरणशक्तीही साथ देत नाही. लागलेला आकडा तारखेसह आठवतो, बुडालेल्या चिठ्ठ्या विरून जातात. उपचारात म्हणूनच समुपदेशक उपदेश करत नाही. खेळताना मनात काय चालतं ते बोलायला लावतो, लिहायला लावतो. ‘आज सत्ता येणार, कारण...’ हे वाक्य तारीख घालून कागदावर उतरलं की महिन्याने ते पडताळता येतं. कॅनडात रॉबर्ट लादुसूर यांनी याच वाटेने उपचारपद्धती उभी केली.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. तो हवाच होता. पण खेळ बंद झाला तरी विचारांची ही सवय आपोआप जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, तेव्हा घरात कुणी असं अडकलं असेल तर त्याला शपथा घालू नका, शिव्याही देऊ नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालेल.