सव्वा वीत नळी आणि पंधरा गाड्यांचं आभाळ

सव्वाचार कोटी रुपये! घराचे नाहीत, जमिनीचे नाहीत, कॅमेऱ्याच्या एका भिंगाचे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलरच्या लिलावात कॅननचं १,२०० मिमी नाभीय अंतराचं भिंग ५ लाख युरोंना गेलं. आपल्या रुपयांत तेव्हा सव्वाचार कोटींच्या वर. वजन साडेसोळा किलो. घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात, त्याहून सव्वादोन किलो जास्त!

आता पुण्याजवळच्या ताथवड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर चला. तिथं तिपाईवर एक बुटकी काळी नळी बसवली आहे. लांबी सव्वा वीत. तोंडाचा व्यास ९० मिमी. वजन दोन किलोंच्या आसपास, किंमत पन्नास हजारांच्या आत. चंद्रावरचे खड्डे आणि शनीची कडी बघायला लोक घेतात ती ही माक्सुतोव दुर्बीण. आणि तिचं नाभीय अंतर? १,२५० मिमी! कोट्यवधींच्या त्या भिंगापेक्षा ५० मिमी जास्तच. त्या एका भिंगाच्या पैशांत अशा आठशेहून अधिक दुर्बिणी येतील, म्हणजे कित्येक सोसायट्यांत घरटी एक! खरं ते सांगायला हवं: कॅननचं भिंग हिच्या साडेपाच पट प्रकाश गोळा करतं आणि फोकस आपोआप साधतं. इथं फोकस आपल्या बोटांनीच करायचा. पण दुर्बिणीला टी-रिंग नावाचं एक जोडकडं लावा, त्याला कॅमेरा अडकवा, आणि गच्चीवरून खाली बघा. वळू माता प्रक्षेत्राच्या बाजूला उरलेल्या मोकळ्या गवतावर, शंभर मीटरवरच्या तारेवर, एक कापशी बसली आहे. पांढरीशुभ्र घार, लाल डोळ्यांची. उंदरासाठी हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहते ना, तीच.

शंभर मीटरवरून ती मोबाइलमध्ये किती दिसेल? ठिपका. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा २६ मिमीच्या तोडीचा असतो. साध्या कॅमेऱ्याच्या संवेदकाची चौकट लहान, म्हणून त्यावर ही नळी १,८७५ मिमीच्या तोडीची होते. बहात्तर पट! दुर्बिणीतून मिळतो तो फोटो मोबाइलवर हवा असेल, तर कापशीपासून १ मीटर ४० सेंटीमीटरवर जाऊन उभं राहावं लागेल. कुठली कापशी तोवर थांबणार? इथं ती तिच्या तारेवर निवांत, आपण आपल्या गच्चीवर निवांत, आणि फोटोत तिच्या डोळ्याच्या रुंदीत तीस ठिपके, म्हणजे पिक्सेल. या छंदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच: जवळ जाण्याचं सगळं काम काच करते, पाखराला उठावं लागत नाही.

ठिपक्यांवरून आठवलं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे ६,००० ठिपके आडवे आणि ४,००० उभे. प्रत्येक ठिपका प्रकाश साठवणारी एक विहीरच समजा. आता या विहिरी खऱ्या करू, आपल्या शेतातल्यासारख्या, दहा मीटर रुंद, काठाला काठ लावून. पहिलीच रांग ६० किलोमीटरची! लोणावळ्याला लोकलमध्ये बसलात तर पुणं जवळ येईपर्यंत खिडकीतून नुसत्या विहिरी. आणि अशा रांगा किती? चार हजार, म्हणजे ४० किलोमीटर रुंद. एकूण २ कोटी ४० लाख विहिरी, पुणे जिल्ह्याचा सहावा-सातवा हिस्सा व्यापणाऱ्या. प्रत्यक्षात हे अख्खं रान आपल्या अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत मावलेलं असतं.

त्यातला एक ठिपका शंभर मीटरवर केवढा तुकडा टिपतो? ०.३२ मिलिमीटर. रव्याचा एक दाणा. एक किलोमीटरवर ३.२ मिलिमीटर. थांबा, अजून लांब जाऊ. ताथवड्यापासून गेटवे ऑफ इंडिया सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. तिथं एक ठिपका म्हणजे ३२ सेंटीमीटर! मध्ये सह्याद्री नसता, हवा नसती आणि पृथ्वी पोळपाटासारखी असती, तर २६ मीटर उंचीचा गेटवे आपल्या फोटोत ८० ठिपके उंच उभा दिसला असता. ताथवड्याच्या गच्चीवरून! पण शंभर किलोमीटरमध्ये नुसत्या गोलाईनंच पृथ्वी पाऊण किलोमीटरहून जास्त खाली वळते. आणि हवाही मध्ये येतेच. दुपारी डांबरावरून वाफाळणारी हवा दोनशे मीटरवरचा पक्षीसुद्धा पाण्यात पडल्यासारखा हलवते. म्हणून या नळीची खरी वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आधीपासून तासा-दीड तासाची.

मोठं दिसतं, पण सापडतं का? इथं नवा माणूस रडकुंडीला येतो, आणि का ते आकडाच सांगतो. या नळीतून कॅमेऱ्याला जेमतेम एक अंश रुंद आणि पाऊण अंश उंच आभाळ दिसतं. गच्चीवरून दिसणारं अर्धगोल आभाळ अशा चौकटींनी झाकायचं तर चौकटी किती लागतील? सुमारे २६,८००! रेल्वेची २४ डब्यांची गाडी घ्या, सगळे डबे ७२ बर्थचे धरा. एका गाडीत १,७२८ बर्थ. तशा साडेपंधरा गाड्या पुणे स्टेशनात ओळीनं उभ्या करा. त्यातल्या नेमक्या एका बर्थवर आपला पाहुणा झोपला आहे, आणि तो कुठल्या गाडीत, कुठल्या डब्यात ते माहीत नाही. उडता पक्षी नळीत पकडायचा म्हणजे हे काम. वर तो बर्थ बदलत राहतो! शंभर मीटरवरून ताशी ५४ किलोमीटरनं जाणारा पक्षी आपली चौकट सेकंदाच्या आठव्या हिस्स्यात ओलांडतो. जाणकार म्हणून नळीवर लाल बिंदूचा फाइंडर बसवतात आणि दोन्ही डोळे उघडे ठेवतात. आणि म्हणूनच कापशी ही या नळीसाठी देवानं पाठवलेली मॉडेल. हवेत उभी राहणारी!

आता हिशेब बारीक होत जातो. चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवर मायक्रॉन हा रोजच्या तोंडातला शब्द. दहा मायक्रॉनच्या आत जॉब उतरला की ऑपरेटर मान वर करून बघतो. या नळीचं एक टोक एक मायक्रॉन हललं, केसाच्या सत्तराव्या भागाइतकं, की चित्र एक अख्खा ठिपका सरकतं. आणि आपण उभे कुठं? मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या शेजारी! चाकणच्या नव्या कोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर खालून गेला की गच्चीला कळतं, तिपाईला कळतं, आणि सगळ्यात आधी कापशीच्या फोटोला कळतं. हात लावून बटण दाबणं तर विसराच. दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर, तिपाईला लटकवलेली वाळूची पिशवी, आणि ट्रेलर पुढं जाईपर्यंत धीर.

पण नळीच्या आतला आरसा त्या मायक्रॉनलाही हसतो. उत्तम आरशाचा पृष्ठभाग हव्या त्या आकारापासून प्रकाशलहरीच्या आठव्या हिस्स्यापेक्षा जास्त ढळू द्यायचा नाही, असा कारागिरांचा दंडक. म्हणजे मायक्रॉनचाही चौदावा भाग. डोळ्यासमोर येत नाही ना? मग आरसा ताणू. ९० मिमीचा आरसा ताणत ताणत मुंबईपासून पुण्यापर्यंत नेऊ, दीडशे किलोमीटर. पनवेल, खोपोली, खंडाळा, तळेगाव, सगळं त्याच्याखाली. एवढ्या अवाढव्य आरशावर सगळ्यात मोठा उंचवटा केवढा चालेल? अर्धी वीत! एखादा स्पीडब्रेकर, बस. दीडशे किलोमीटरमध्ये त्याहून उंच काही नाही, त्याहून खोल काही नाही. असा आरसा बाजारात पन्नास हजारांच्या आत मिळावा, ही माझ्या मते आपल्या काळातली सगळ्यात स्वस्त जादू आहे.

आणि ही जादू सुचली रेल्वेत! १९४१ चा ऑगस्ट. जर्मन फौजा लेनिनग्राडकडे येत होत्या, संस्थाच्या संस्था पूर्वेकडे हलवल्या जात होत्या. त्या स्थलांतराच्या प्रवासात दिमित्री माक्सुतोव यांना कल्पना सुचली: आरशापुढं वाटीसारखी वळलेली एक जाड काच बसवायची, की आरशाचा दोष ती काच खोडून काढते. त्यांच्या नावाची एमटीओ ही छायाचित्रणाची भिंगं पुढं सोव्हिएत कारखान्यांत निघाली आणि १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात त्यांना ग्रां प्री मिळाला. दुर्बिणीतून फोटो काढायची दुसरी वाट मलेशियातून आली. तिथले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी १९९९ मध्ये पक्षी बघायच्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला डिजिटल कॅमेरा टेकवून फोटो काढले आणि डिजिस्कोपिंगची लाट उठली. आज भिगवणला उजनी धरणाच्या काठावर कुणी साठ पटीच्या दुर्बिणीला मोबाइल लावतो, तेव्हा तो खिशातल्या फोनचं १,५६० मिमीचं भिंग करत असतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आभाळ दाखवते आहे, पुढच्या पिढ्यांनी हौसेनं दुर्बिणी घेतल्या आहेत. त्यातल्या किती दिवसभर कपाटात असतात! काढा त्या बाहेर. फक्त एक सांभाळा: सूर्याकडे कधीही वळवू नका. दिवसा आपली बाहुली तीन मिमीची, दुर्बिणीचं तोंड ९० मिमीचं. म्हणजे प्रकाश नऊशे पट!

आता खरी गंमत, प्रकाशाची. कापशीवर सकाळचं ऊन पुरतं चढलं आहे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं. तिच्या पांढऱ्या पिसांवरून प्रकाशकण चहूकडे उसळले. ढोबळ हिशेबानं पन्नास लाखांतला एक कण आपल्या नळीत शिरला, बाकीचे रानात, भिंतींवर, आभाळात गेले. पन्नास लाखांतला एक! तरी किती जमले? चार-पाचशे कोटी. जगातल्या निम्म्या माणसांइतके, एका क्लिकमध्ये. कापशी जेवढ्या ठिपक्यांवर उमटली, त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा हजार. कणामागं एक रुपया ठेवा, आणि वेट्झलरची ती सव्वाचार कोटींची भिंगं मोजून शंभर घ्या. एका क्लिकच्या कमाईत. आणि तेवढ्या वेळात प्रकाश किती धावला? ३०० किलोमीटर. शटर उघडताना निघाला, मुंबईला शिवला आणि शटर मिटताना पुण्यात परत!

अजून एक चौकट बाकी आहे, आणि ती रात्रीची. पौर्णिमेचा चंद्र या नळीतून संवेदकावर सव्वाअकरा मिलिमीटरचा उमटतो, चौकटीत नेमका मावणारा. रुंदीत २,८०० ठिपके, एक ठिपका सव्वा किलोमीटरचा. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. रोज मुंबई-पुणे-मुंबई एक फेरी मारा, एकही सुट्टी न घेता, साडेतीन वर्षांनी तेवढं अंतर होईल. अमेरिकेतले पक्षीशास्त्रज्ञ जॉर्ज लोवरी यांनी १९४० च्या दशकात लहान दुर्बिणी चंद्रावर रोखून रात्री स्थलांतर करणारे पक्षी मोजले होते, चंद्रबिंबावरून सरकणाऱ्या सावल्यांवरून. आपणही तेच करू. समजा, ठाण्याच्या खाडीवरून उजनीकडे निघालेला एक रोहित, फ्लेमिंगो, आपल्यापासून एक किलोमीटरवरून जातो आहे. रोहित लांबचे प्रवास बहुधा रात्रीच करतात. वेग सेकंदाला १५ मीटर. पसरलेले पंख दीड मीटर, म्हणजे ४७० ठिपके. ज्या ठिपक्यात चंद्राचा सव्वा किलोमीटर मावतो, त्याच ठिपक्यात रोहिताच्या पिसाचे तीन मिलिमीटर!

एक किलोमीटरवर चंद्रबिंब नऊ मीटर रुंद पडतं. रोहित ते ०.६ सेकंदात पार करतो. तो बरोबर मध्यावर आला, शटर वाजलं. त्याच्या पंखांच्या कडेनं निसटून आपल्या विहिरींत पडलेला प्रकाश चंद्रावरून १.२८ सेकंदांपूर्वी निघाला होता. तेव्हा रोहित १९ मीटर मागं होता, बिंबाच्या कडेपासून जवळजवळ १५ मीटर बाहेर! ज्याची आकृती तो प्रकाश रेखाटणार होता, तो पक्षी अजून चित्रात आलेलाच नव्हता. आणखी मागं जा. तोच प्रकाश त्याआधी सूर्यावरून चंद्राकडे निघाला, त्याला आठ मिनिटं वीस सेकंद झाली. तेवढ्या वेळात रोहित साडेसात किलोमीटर उडतो. म्हणजे प्रकाश सूर्यावरून सुटला तेव्हा आपला रोहित गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमवर होता! तिकडून पंधरा कोटी किलोमीटरचा प्रकाश, इकडून साडेसात किलोमीटरचा पक्षी, दोघं निघाले एकाच वेळी, आणि दोघांची गाठ पडली ताथवड्याच्या गच्चीवरच्या सव्वा वीत नळीत. सेकंदाला वीस फोटो घेणारा कॅमेरा असेल तर बिंबावरच्या त्या ०.६ सेकंदात बारा फोटो कार्डावर उमटलेले असतात, आणि रोहित बिंबाच्या पलीकडून बाहेर पडून उजनीच्या वाटेला लागलेला असतो.