नौदलाच्या पगारावर बेडकाचं विष

सैन्यासाठी काम करणारी रसायनशास्त्रज्ञ बाई म्हटलं की लोकांना दोनच चेहरे सुचतात. एक बंद दाराआड दारूगोळ्याची मिश्रणं करणारी, आणि दुसरी जिच्या कष्टांवर पुरुषांनी डल्ला मारला ती बिचारी. इझाबेला कार्ल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बाई 1946 साली अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि 2009 साली तिथूनच निवृत्त झाल्या. 63 वर्षं एकाच ठिकाणी. वर सांगितलेल्या कुठल्याच साच्यात त्या बसत नाहीत, तरी त्यांच्याबद्दल बोलणं निघालं की साचे आपोआप पुढे येतात.

गैरसमज: अणुबॉम्ब हा भौतिकशास्त्रज्ञांचा कारभार. रसायनवाल्यांचं, त्यातून बायकांचं, तिथे काय काम?

अणुबॉम्बला लागणारं प्लुटोनियम खाणीतून काढता येत नाही. ते अणुभट्टीत तयार करावं लागतं, मग किरणोत्सारी लगद्यातून वेगळं काढून शुद्ध करावं लागतं. हे सगळं रसायनशास्त्रच आहे, आणि तेही जिवावर बेतणारं. अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेत अशुद्ध प्लुटोनियम ऑक्साइडपासून शुद्ध प्लुटोनियम क्लोराइड बनवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांत इझाबेलाबाई होत्या. बाष्पावस्थेतून जाणाऱ्या प्रक्रियेने त्यांनी या संयुगाचे हिरवे स्फटिक मिळवले. तेव्हा त्या जेमतेम बाविशीच्या होत्या आणि मिशिगन विद्यापीठातून नुकत्याच पीएच.डी. होऊन आल्या होत्या. डेट्रॉइटमधल्या पोलिश स्थलांतरितांची ही मुलगी. घरात पोलिश बोलत, इंग्रजी ती शाळेत गेल्यावर शिकली.

गैरसमज: नवरा तिथे होता, म्हणून बाईंची वर्णी लागली.

हा आरोप निराळ्या वेशात पुढेही भेटतो. जेरोम कार्ल आणि इझाबेला लुगोस्की मिशिगनच्या रसायन प्रयोगशाळेत एकमेकांच्या शेजारी काम करत होते. 1942 साली त्यांनी लग्न केलं आणि दोघांनी एकाच मार्गदर्शकाकडे डॉक्टरेट केली. फरक इतकाच की विद्यापीठातल्या अध्यापन-साहाय्यकाच्या जागा पुरुषांसाठी राखलेल्या होत्या. त्यामुळे इझाबेलाबाईंना अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकावं लागलं.

युद्ध संपल्यावर दोघांना एकाच गावात नोकरी हवी होती. अमेरिकी विद्यापीठांत नवरा-बायकोपैकी एकालाच घ्यायचं, असा वशिलेबाजी रोखण्याचा नियम सर्रास होता, आणि अशा नियमात घरी कोण बसतं ते सांगायला नको. नौदलाच्या प्रयोगशाळेने दोघांनाही जागा दिली. तेव्हा बाई लष्करी संशोधनात गेल्या त्या काही देशभक्तीच्या भरात किंवा शस्त्रांच्या ओढीने नव्हे. त्यांना शास्त्रज्ञ म्हणून पगार द्यायला तयार असलेली जागा ती होती. वशिला म्हणावं तर तो विद्यापीठांच्या नियमांनी पुरुषांचा लावला होता.

गैरसमज: लष्करी प्रयोगशाळेत फक्त शस्त्रं तयार होतात, आणि जे होतं ते कुलुपात राहतं.

वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीच्या काठी असलेली ही प्रयोगशाळा 1923 साली सुरू झाली. तिची कल्पना थॉमस एडिसन यांची. अमेरिकेतलं रडारचं सुरुवातीचं काम इथेच झालं. अशा ठिकाणी इझाबेलाबाईंनी काय केलं? कोलंबियाच्या जंगलातल्या एका चिमुकल्या बेडकाच्या विषाची रेणूरचना शोधली. तिथले आदिवासी फुंकनळीच्या बाणांना या बेडकांच्या कातडीचं विष लावत. ते मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे स्नायू आणि हृदय बंद पडतं. एका बेडकात विष मिळणार ते इतकं थोडं की नेहमीच्या रासायनिक चाचण्यांना ते पुरतच नाही. मात्र एक बारीकसा स्फटिक हाती लागला तर क्ष-किरणांनी त्यातली अणूंची मांडणी काढता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांबरोबर 1968 साली त्यांनी या विषाच्या मूळ सांगाड्याची रचना प्रसिद्ध केली. मज्जातंतू संदेश कसे नेतात हे समजून घ्यायला हे विष पुढे शरीरशास्त्रज्ञांना फार उपयोगी पडलं.

गुप्ततेचं म्हणाल तर त्यांचे शेकडो शोधनिबंध खुल्या नियतकालिकांत आहेत, आणि त्यांतले कितीतरी भारतीयांबरोबरचे आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पद्मनाभन बलराम हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी, पुढे विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांचा गट अमायनो आम्लांच्या लहान साखळ्या, म्हणजे पेप्टाइड, मुद्दाम मळसूत्रासारखी वळतील अशा बेताने बनवायचा, आणि ती खरोखर वळली की नाही ते इझाबेलाबाई वॉशिंग्टनमध्ये अणू-अणू दाखवून सांगायच्या. 1980 च्या दशकापासून हा उद्योग वर्षानुवर्षं चालला. फर्ग्युसनमधून निघालेला एक रसायनशास्त्रज्ञ आणि अमेरिकी नौदलाची एक कर्मचारी मिळून प्रथिनं घडी कशी घालतात हे शोधत होते.

म्हणून तिथे बॉम्बचा वाराही नव्हता असं मी म्हणणार नाही. तो उलट्या बाजूचा गैरसमज झाला. स्फटिकात रेणू जितके दाटीने बसतील तितकं स्फोटक जोरदार, आणि ही दाटी पाहण्याचं तंत्र बेडकाच्या विषासाठी वापरलं तेच. कार्ल दांपत्याच्या प्रयोगशाळेतले रिचर्ड गिलार्डी यांनी ऑक्टानायट्रोक्युबेन आणि सीएल-20 यांसारख्या स्फोटकांच्या रचना काढल्या. त्यातलं सीएल-20 आपल्या पुण्यात, पाषाणच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेतही तयार झालं आहे. नौदल काही धर्मादाय संस्था नव्हती. पण रेणूंची रचना काढता येणाऱ्या माणसांना हवं ते काढू द्यावं, कामाचं आपोआप हाती लागतं, इतकं शहाणपण तिथल्या वरिष्ठांकडे होतं. आपल्याकडच्या अनुदान समित्यांना हे पटवायला आजही घाम फुटतो.

गैरसमज: अशा नोकरीत संसार होत नाही.

तीन मुली झाल्या, तिघीही विज्ञानाकडे वळल्या. यापुढे काही सांगण्यासारखं नाही. जेरोमरावांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

गैरसमज: नोबेल नवऱ्याला मिळालं, म्हणजे शोध त्याचा, बाई हाताखाली.

याचीच दुसरी बाजूही ऐकू येते: शोध बाईंचा, नवऱ्याने पळवला. दोन्ही खोटं. नेमकं काय झालं ते समजायला थोडं आत शिरावं लागेल.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना फाकतात आणि फिल्मवर शेकडो ठिपके उमटतात. ठिपका किती गडद आहे ते मोजता येतं. त्या काळी डोळ्यांनी, नमुन्याच्या पट्टीशी ताडून मोजत. पण प्रत्येक लाटेची फेज, म्हणजे तिचे चढ-उतार एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते, फिल्मवर उमटत नाही. आणि फेज कळल्याशिवाय अणूंच्या जागा काढता येत नाहीत. रेणूत ब्रोमीनसारखा जड अणू असला तर त्याच्या आधाराने वाट निघायची. नसला तर गाडं अडायचं.

जेरोम आणि गणितज्ञ हर्बर्ट हॉप्टमन यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं की हरवलेली फेज ठिपक्यांच्या गडदपणातच दडलेली असते, ती संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. स्फटिकशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. समीकरणं कागदावर छान होती, पण प्रत्यक्ष रेणू सोडवून कुणी दाखवला होता? तो इझाबेलाबाईंनी दाखवला. क्ष-किरण स्फटिकशास्त्र त्यांनी पुस्तकांवरून स्वतःच शिकून घेतलं होतं. सोप्या प्रकारच्या स्फटिकात फेज म्हणजे फक्त अधिक किंवा उणे. विशिष्ट नात्याने बांधलेल्या तीन गडद ठिपक्यांच्या चिन्हांचा गुणाकार बहुधा अधिक येतो, म्हणजे दोन चिन्हं माहीत असली की तिसरं हाती येतं. मोजक्या ठिपक्यांची चिन्हं ठाऊक नसतील तर त्यांना तूर्त अ, ब, क म्हणायचं, पुढची चिन्हं त्या अक्षरांत मांडत जायचं आणि विसंगती येईल ती शक्यता खोडायची; शब्दकोडं सोडवतात तसं. 1966 साली कार्ल दांपत्याच्या जोडनावाने ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध झाली आणि जड अणू नसलेले रेणू एकामागून एक सुटू लागले. आज औषध कंपन्या लहान रेणूंची रचना झटपट काढतात त्याच्या मुळाशी हे काम आहे.

1985 चं रसायनशास्त्राचं नोबेल हॉप्टमन आणि जेरोम यांना मिळालं. गणित त्यांचंच होतं, त्यामुळे त्यांच्या हक्काबद्दल वाद नाही. पण नोबेल एका वेळी तिघांना देता येतं, आणि त्या वर्षी तिसरी जागा रिकामीच ठेवली गेली. बाईंचं काम समितीला ठाऊक नव्हतं, ही सबबही चालत नाही. त्या 1978 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य होत्या. आणि रसायनशास्त्राचं नोबेल जी रॉयल स्वीडिश अकादमी ऑफ सायन्सेस देते, तिनेच तीन वर्षांनी, 1988 साली, स्फटिकशास्त्राचं अमिनोफ पारितोषिक इझाबेला कार्ल यांना दिलं.