नोंद हाताबाहेर ठेवणारा सिसलॉग

५ फेब्रुवारी २०१६ ला शुक्रवार होता, म्हणजे बांगलादेशात साप्ताहिक सुट्टीचा दिवस. ढाक्याच्या मध्यवर्ती बँकेत ‘स्विफ्ट’ या बँकांच्या निरोपांच्या जाळ्यावरून होणाऱ्या व्यवहारांची पावती आपोआप छापणारा प्रिंटर त्या दिवशी गप्प होता. प्रिंटर अडून बसणं कुठल्याही कचेरीला नवीन नाही, ड्यूटीवरच्या माणसांनाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. प्रत्यक्षात आदल्या रात्री चोरांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे पैसे वळते करण्याचे आदेश धाडले होते. त्यांनी पेरलेलं सॉफ्टवेअर त्या आदेशांच्या नोंदी डेटाबेसमधून पुसत होतं आणि छपाईतही हात घालत होतं. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचून नाहीसे झाले. प्रिंटर वेगळी वस्तू होती खरी, पण त्याने काय छापायचं हे ठरवणारा संगणक चोरांच्या ताब्यात होता.

याच्या तीस वर्षं आधी, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने नेमकी उलटी गोष्ट करून दाखवली. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. त्या फरकाच्या मागे लागून स्टोल एका घुसखोरापर्यंत पोचला. या घुसखोराने यंत्रावर सर्वाधिकार मिळवले होते, त्यामुळे पाळत ठेवणारा कुठलाही प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालवला असता तर तो त्याला दिसला असता. मग स्टोलने शनिवार-रविवार गाठून सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या मोडेमच्या तारांवरच जोडून टाकले. घुसखोर जे जे टाइप करी ते यंत्रात शिरण्याआधीच कागदावर उमटे. तो कागद पुसण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत माग गेला तो या कागदांच्या भेंडोळ्यांवरून.

ज्याच्याबद्दलची नोंद आहे, त्याच्या हाताला ती लागता कामा नये. पोलीस ठाण्यात गुन्ह्याची खबर नोंदवली की तिची प्रत न्यायदंडाधिकाऱ्याकडे तातडीने पाठवावी लागते आणि उशीर झाला तर कोर्टात त्यावरून उलटतपासणी होते, ते याच कारणासाठी. सर्व्हरच्या जगात ही प्रत पाठवण्याचं काम गेली चाळीस वर्षं मुख्यतः एकच यंत्रणा करत आली आहे: सिसलॉग.

सिसलॉगचा जन्मही बर्कलीचाच. कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सेंडमेल’ हा ई-मेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होता. कुठलं पत्र कुठे अडकलं हे कळावं म्हणून त्याने सोबत नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो इतका सोयीचा निघाला की बाकीचे प्रोग्रॅमही आपल्या नोंदी त्याच्याकडे देऊ लागले. बीएसडी युनिक्सबरोबर तो जगभर गेला. राउटर, स्विच, फायरवॉल, यूपीएस, झेरॉक्स मशीन, सगळ्यांना तीच बोली येऊ लागली.

ही बोली आतून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो, समजा ३४. त्याला ८ ने भागायचं: भागाकार ४, बाकी २. भागाकार सांगतो ओळ कुठल्या खात्याची आहे, आणि ४ म्हणजे लॉगिन व परवानग्यांचं खातं. बाकी सांगते मामला किती गंभीर आहे. ० म्हणजे यंत्र निकामी, ७ म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामाची किरकोळ माहिती, आणि २ म्हणजे ‘क्रिटिकल’. म्हणजे ‘रूट’, अर्थात यंत्राचा सर्वाधिकारी, होण्याचा कुणाचा तरी प्रयत्न फसला, तर ही ओळ ३४ घेऊन निघते. दोन गोष्टी एका आकड्यात बसवल्या आणि फोडायला तिसरीच्या पोराचा भागाकार पुरतो! मला या काटकसरीचं आजही कौतुक वाटतं. आठ पायऱ्यांची ही उतरंड आजच्या नव्या साधनांनीही जवळजवळ तशीच ठेवली आहे.

आकड्यापुढे तारीख-वेळ, यंत्राचं नाव आणि मजकूर. जुन्या पद्धतीत तारखेला साल नव्हतं आणि वेळ कुठल्या देशाची तेही नव्हतं. एकाच इमारतीतल्या यंत्रांना त्याची गरज पडली नाही. खरी पंचाईत प्रवासाची होती. ओळ यूडीपीवरून, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जाई. पाठवणारा पाठवून मोकळा. पोचली का, हे विचारायची सोय नाही. वाटेत कुणीही वाचावी, बदलावी, किंवा दुसऱ्या यंत्राचं नाव लावून खोट्या ओळी घुसवाव्यात. २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात ही चालत आलेली पद्धत प्रथमच नीट लिहून काढली गेली, आणि हे सगळे दोष त्यातच मोकळेपणाने मांडले गेले.

आता कुणी म्हणेल, सर्व्हरच्या नोंदीत चोरण्यासारखं असतं काय? असतं. घाईत असलेला माणूस नावाच्या रकान्यात पासवर्ड टाइप करतो आणि एंटर दाबतो. सर्व्हर इमानेइतबारे लिहितो: ‘अमुक नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही’, आणि ते अमुक नाव म्हणजे त्याचा पासवर्ड असतो. पुढच्याच ओळीत त्याचं खरं नाव आणि यशस्वी लॉगिन. दोन ओळी शेजारी ठेवल्या की कुलूप-किल्ली दोन्ही हातात. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण एका अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले जात होते.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली आणि ती बरीचशी युरोपातून आली. १९९८ मध्ये हंगेरीच्या बलाझ शाइडलरने ‘सिसलॉग-एनजी’ सुरू केलं, २००४ मध्ये जर्मनीच्या राइनर गेरहार्ड्‌सने ‘आरसिसलॉग’. ओळी आता यूडीपीऐवजी पोच घेणाऱ्या टीसीपीवरून जाऊ लागल्या आणि सगळ्यांना वाटलं, चला, गळती थांबली. गेरहार्ड्‌सने दाखवून दिलं की तसं नाही. टीसीपीवर ओळ ‘पाठवली’ असं प्रोग्रॅमला वाटतं तेव्हा ती फक्त आपल्याच यंत्राच्या बफरमध्ये गेलेली असते. त्याच क्षणी समोरचं यंत्र कोसळलं तर बफरातल्या ओळी गेल्या, आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी त्या पोचल्या. यावर त्याने ‘रेल्प’ नावाची रीत काढली. तीत घेणारा प्रत्येक ओळीची पोच देतो आणि पोच येईपर्यंत पाठवणारा ओळ हातची सोडत नाही. एखादी ओळ दोनदा जाऊ शकते, पण माझ्या मते नोंदींच्या बाबतीत दोनदा आलेली ओळ परवडते, गळलेली नाही.

गुप्ततेचा प्रश्न मार्च २००९ मध्ये आरएफसी ५४२५ ने सोडवला. बँकेच्या संकेतस्थळाला जे टीएलएसचं कवच असतं तेच सिसलॉगला मिळालं, पोर्ट ६५१४. त्याच महिन्यात आलेल्या आरएफसी ५४२४ ने वेळेला साल आणि टाइमझोन दिला.

कवच मिळालं तरी कामं अर्धवट होतात, आणि होतात ती नेहमी एकाच जागी. टीएलएस चालू केलं की ओळी गुंडाळून जाऊ लागतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण समोरचा खरंच आपला लॉग सर्व्हर आहे का, हे तपासायचं राहून जातं. आरसिसलॉगमध्ये ओळख न विचारता जोडणी करण्याचा एक पर्याय आहे. ‘आधी चालू तर होऊ दे’ म्हणून तो निवडला जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मग मध्येच बसलेल्या भामट्यालाही आपण सगळं गुंडाळून, नीट, त्याच्या हातात देतो. खरी रीत अशी: पाठवणाऱ्याकडे स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, घेणाऱ्याकडे स्वतःचं, आणि दोघांनी एकमेकांचं नाव तपासूनच बोलायचं.

सर्टिफिकेट आलं की त्याची मुदत आली. मुदत संपली की जोडणी बंद, आणि ती बंद झाल्याचा निरोप ज्या वाटेने जायचा तीच वाट बंद. संकेतस्थळाचं सर्टिफिकेट संपलं तर तासाभरात दहा जण ओरडतात. लॉगचं संपलं तर कुणीच ओरडत नाही. सेंट्रल सर्व्हरवरचा आलेख खाली येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आज सगळं शांत आहे. तिकडे पाठवणाऱ्या यंत्रावर न गेलेल्या ओळींची रांग वाढत असते. रांगेला डिस्कवर जागा दिली असेल तर दिवस-दोन दिवस निभावतं. दिली नसेल तर रांग भरल्यावर दोनच वाटा उरतात: ओळी फेकायच्या, नाहीतर लिहिणाऱ्यांना थांबवून धरायचं. दुसरी वाट धरली की सर्व्हरवर लॉगिनसुद्धा अडकतं, कारण लॉगिनचीही नोंद व्हायची असते. कुठली वाट कुठे धरायची हे आधी बसून ठरवावं लागतं. वेबसाइटच्या भेटींच्या ओळी फेकल्या तर चालतील. लॉगिनच्या आणि अधिकार बदलल्याच्या ओळींसाठी मी डिस्कच मोठी घेईन.

सीपीयू किती तापला, डिस्क किती भरली, रांगेत किती ओळी आहेत या मोजमापांचा प्रवास थोडा वेगळा. ‘कलेक्टडी’सारखी २००५ च्या सुमाराची साधनं आकडे स्वतः धाडतात, आणि कलेक्टडीत सही करून किंवा कूटबद्ध करून धाडण्याची सोय आहे. २०१२ मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेल्या ‘प्रोमिथियस’ने दिशा उलटी केली: मधला सर्व्हरच ठरावीक सेकंदांनी प्रत्येक यंत्राकडे जाऊन आकडे मागून आणतो. यात एक मोठा फायदा आहे. यंत्राने उत्तर दिलं नाही तर ते त्याच फेरीत कळतं. सिसलॉगला न जमलेली गोष्ट हीच, गप्प बसलेल्याची दखल घेणं. म्हणून शहाणी माणसं दोन्ही जोडतात आणि आरसिसलॉगच्या रांगेची लांबी मोजमाप म्हणून प्रोमिथियसला देतात. मात्र ज्या ९१०० पोर्टवर हे आकडे मिळतात ते सगळ्या जगाला उघडं राहिलं, तर कर्नलची आवृत्ती आणि डिस्कची मांडणी घुसखोराला आयती मिळते. आकड्यांनाही कुलूप लागतं.

नोंद जागच्या जागीच सीलबंद करण्याचा पर्यायही आहे. लिनक्सच्या ‘जर्नल’मध्ये २०१२ पासून ती सोय आहे. मागची पानं कुणी बदलली तर सील जुळत नाही आणि ते कळतं. पण सील तुटल्याचं कळलं तरी फाडलेलं पान परत येत नाही. त्यासाठी दुसरीकडे प्रत हवीच.

आपल्याकडे हा विषय २०२२ पासून कायद्याच्या कक्षेत आला. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सांगितलं की सर्व संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवा, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा आणि ठरवून दिलेल्या प्रकारची घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवा. घड्याळाचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असेल, तर आधी कोण शिरलं आणि मग कुठे गेलं हा क्रमच लागत नाही. हे निर्देश गावच्या सहकारी बँकेलाही लागू आणि इस्पितळालाही. अशा ठिकाणी संगणकाचं सगळं बघायला बहुधा एकच माणूस असतो, आणि त्याला प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळंच पुरं करायचं असतं. त्याने निदान एक जुना संगणक वेगळा काढून, वेगळा पासवर्ड ठेवून, फक्त लॉग घेण्यासाठी लावावा. लॉग सर्व्हरचा आणि मुख्य सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड एकच असेल, तर ढाक्याच्या प्रिंटरहून त्याची अवस्था वेगळी नाही.

हे सगळं लावल्यावर ते चालतंय का, हे पाहायला अर्धा दिवस पुरतो. लॉग सर्व्हर मुद्दाम बंद करायचा. ‘लॉगर’ ही कमांड वापरून दुसऱ्या यंत्रावरून क्रमांक घातलेल्या हजार ओळी सोडायच्या, सर्व्हर चालू करायचा आणि पहिलीपासून हजारावीपर्यंत सगळ्या आल्या का ते मोजायचं. मग भलत्याच सर्टिफिकेटचं यंत्र जोडून बघायचं, ते दारातूनच परत गेलं पाहिजे. शेवटी, कुणालाही न सांगता, एका सर्व्हरचं लॉग पाठवणं थांबवायचं आणि आपल्याला फोन किती वेळाने येतो ते पाहायचं.