कढईतून टाकीत

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर धडधडत होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर, मग तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर का चालू नयेत, हा विचार फ्रेंच सरकारचा. इंजिन बनवलं होतं खनिज तेलासाठी, त्यात काडीचाही बदल केलेला नव्हता. तरी ते इतकं सुरळीत चाललं की पाहणाऱ्यांतल्या मोजक्यांनाच हा प्रकार कळला! ही आठवण खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच १९१२ साली सांगितली.

मग आज आपण गोडेतेलाचा डबा थेट टाकीत का ओतत नाही? कारण तेल घट्ट असतं, डिझेलच्या साधारण दहापट. नव्या इंजिनातल्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांतून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ते अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. जुन्या गाड्यांचे हौशी मालक दोन टाक्या बसवतात. गाडी सुरू करायची डिझेलवर, इंजिनाच्या उष्णतेने तेल तापून पातळ झालं की तेलावर जायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं. अशा गाडीच्या धुराला भज्यांच्या गाडीसारखा तळणीचा वास येतो, हे अगदी खरं आहे.

दुसरी वाट रसायनाची, आणि मला तीच जास्त भावते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनला बांधलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घातला की साखळ्या सुटतात, त्याच बायोडिझेल. शंभर किलो तेलात दहा किलो मिथेनॉल घातलं, की साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरिन हाती येतं. तेलात पाणी राहिलं तर मात्र भांड्यात साबण तयार होतो! बेल्जियममधल्या शाव्हान या संशोधकाने १९३७ साली पामतेलावर अशाच प्रक्रियेचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ अशी प्रवासी बस त्या इंधनावर धावली.

वेल्समधला किस्सा तर भन्नाट. २००२ साली तिथल्या दुकानांतून खाद्यतेल भराभर खपू लागलं. एवढं तळतंय तरी कोण? लोक ते गाडीत ओतत होते, इंधनावरचा कर चुकवून. त्यांना पकडणाऱ्या पथकाला लोकांनी नाव दिलं ‘फ्राइंग स्क्वाड’.

आपल्याकडे त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, दिल्ली–अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेल मिसळून धावली. पाठोपाठ मोगली एरंडाची लाट आली. पडीक जमिनीत, पाण्याविना, इंधनाचं पीक! झाड पडीक जमिनीत जगतं, पण तिथे बिया पुरेशा धरत नाही. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं स्वप्न तिथेच विरलं. ज्यांनी विश्वासाने रोपं लावली त्यांच्यासाठी आजही वाईट वाटतं. आपल्या ओळखीचा करंज त्या मानाने कमी गाजला. करंजेल आपण पिढ्यान्‌पिढ्या दिव्यात जाळलं. कोकणात हेच काम उंडीच्या तेलाने केलं.

माझ्या मते खरा खजिना शेतात नाही, कढईत आहे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात घातक पोलर संयुगं साठत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल तळणीला वापरता येत नाही, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीमही सुरू झाली. जे पोटात जाऊ नये ते इंजिनात खुशाल जावं! आणि जळकं तेल स्वस्तात विकत घेऊन पुन्हा कढईत ओतणाऱ्यांचा धंदा बंद होणार असेल, तर याहून चांगलं काय?

तेल मोरीत ओतलं तर काय होतं, ते लंडनने २०१७ साली पाहिलं. व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी, तेल आणि ओल्या पुसण्यांचा गोळा सापडला: लांबी २५० मीटर, वजन १३० टन. कामगारांनी कित्येक आठवडे तो फोडून काढला. त्यातला एक तुकडा संग्रहालयात काचेआड ठेवला गेला आणि बऱ्याचशा चरबीचं बायोडिझेल झालं.