पाय उचलला, पण ब्रेक सुटला का?

बालमित्रांनो, ब्रेकचं काम काय, असं विचारलं तर तुम्ही एका सुरात सांगाल, 'गाडी थांबवणं!' शाब्बास! पण हे झालं अर्धं उत्तर. पाय उचलताच चाक मोकळं सोडणं, हेही ब्रेकचंच काम. ते त्याने केलं नाही, तर केवढा घोटाळा होतो, ते आज पाहू या.

सायकलचा ब्रेक दाबला की दोन रबरी गुटके चाकाची रिम दोन्ही बाजूंनी पकडतात. मोटारीच्या पुढच्या चाकातही असंच असतं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला असतो कॅलिपर. पायाने पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत पोचतो आणि दोन पॅड डिस्कला घट्ट धरतात. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम इथे कामाला येतो.

मग पिस्टन मागे कसा येतो? तुमचा खोडरबर बाकावर दाबून बोटाने जरासा पुढे ढकला. तो वाकतो आणि बोट काढताच सरळ होतो, हो ना? पिस्टनभोवती अशीच एक रबरी कडी असते. ती सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढं पुरतं!

पण पिस्टनवरचं रबरी टोपण फाटलं, की पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरते. पिस्टन गंजतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्याही सुकून अडकतात. कधी ब्रेक ऑइलची रबरी नळी आतून फुगते आणि ऑइल परत येऊ देत नाही. मग पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासतच राहतात.

याची लक्षणं ओळखता येतात. ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला ओढते, पेट्रोल जास्त लागतं, जळका वास येतो. घाट उतरल्यावर पुढची दोन्ही चाकं तापतातच. त्यात नवल नाही. पण सपाट रस्त्यावर एकच चाक फार तापलं, तर शंका घ्यावी. मुलांनो, चाकाला हात मात्र मुळीच लावू नका, चटका बसेल! वास आला की मोठ्यांना सांगा. त्यांनी गाडी सुरक्षित जागी थांबवून निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ती वाकण्याची, तडकण्याची भीती असते.

दुर्लक्ष केलं तर? ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, दाब पुढे जात नाही आणि पेडल खाली बसतं. म्हणजे न सुटणारा ब्रेक ऐन उतारावर लागेनासा होतो!

गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडी जॅकने उचलून, खाली भक्कम आधार देऊन चाक हाताने फिरवून बघतो. ते जड फिरलं, तर कॅलिपरवरचा छोटा ब्लीडर स्क्रू किंचित सैल करतो. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. बहुधा दोष नळीचा. मोकळं झालं नाही, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या. नळी बदलायची असते, जोडायची नव्हे. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन गंजला असेल तर तो किंवा सगळा कॅलिपर बदलायचा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाही तर गाडी एकीकडे ओढते. शेवटी नळीतली हवा काढायची.

पालकहो, हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आणि मुलांनो, गाडी गॅरेजमध्ये गेली, की जरा दूर उभं राहून पिस्टन आणि ती रबरी कडी दाखवायला सांगा. खोडरबराची आठवण होईल!